जळगावचा फ्लॅट आणि धाब्याचे घर

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला आम्ही जळगावात स्वतःच्या घरात राहायला गेलो. स्वतःचे घर म्हणजे दुसऱ्या, अर्थात सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. एक हॉल, एक निजायची खोली, स्वयंपाकघर आणि पश्चिमेकडे तोंड केलेली लहानशी गॅलरी. सगळे मिळून ५२० चौरस फूट. बी. एस्सी. कृषी होऊन शेती खात्यात लागलो, त्याला तीस वर्षे होऊन गेली. ही सारी वर्षे धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतल्या तालुक्यांच्या गावी, भाड्याच्या खोल्यांत गेली. बदली आली की ट्रकमध्ये सामान भरायचे आणि नव्या गावात उतरवायचे. त्यामुळे घर सजवणे ही गोष्ट आमच्या संसारात कधी आलीच नव्हती. भिंतीला खिळा ठोकायचा तर आधी घरमालकाला विचारावे लागे.

तेव्हा या घरात आम्ही हौस भागवून घेतली. एका सजावटवाल्याने मोबाइलवर चित्रे दाखवली आणि आम्ही मान डोलवली. हॉलला पीओपीचे खोटे छत आले, त्यात दिवे आले. एका भिंतीला गडद मरून रंग आला. तीन, एक, एक असा सोफा आला, काचेचे टीपॉय आले, कोपऱ्यात प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आली. मुलगी नाशिकला शिकते. ती सुटीत आली आणि तिने पेटीतून आजीने शिवलेली जुनी गोधडी काढून मरून भिंतीवर टांगली. शहरात अशा वस्तूंना फार मोल आहे, असे तिने सांगितले. दिसतही छान होती, हे मला कबूल केले पाहिजे.

आखाजी झाल्यावर मी आईला गावाहून घेऊन आलो. आमचे गाव धुळ्याच्या पलीकडे, पांझरेच्या काठी. आईचे वय ७८. तिने दारात पाय ठेवला, हॉलवरून नजर फिरवली आणि पहिला प्रश्न विचारला तो गोधडीबद्दल.

“पांघरानी गोधडी भितले काबरं टांगी?”

मुलगी हसली आणि तिला समजावू लागली. आई ऐकत राहिली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. त्या गोधडीत माझ्या वडिलांच्या धोतराचा तुकडा आहे आणि थोरल्या आत्याच्या लुगड्याचा काठ आहे. आईच्या हिशेबी ती अंगावर घ्यायची वस्तू. लोकांनी बघावी म्हणून ती शिवलेली नव्हती.

त्यानंतरचे आठ दिवस मी आता पुन्हा आठवून पाहतो. आई सोफ्यावर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. ती खाली बसू लागली, तर पाठ टेकायला भिंत मोकळी नव्हती. एका भिंतीला सोफा, दुसरीला टीव्ही, तिसरीला दार. शेवटी ती स्वयंपाकघरात फ्रीज आणि ओटा यांच्यामधल्या दीड हाताच्या जागेत भिंतीला टेकून बसायची. तिची पानसुपारीची चंची ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती पदरात बांधलेलीच असायची. दुपारी चारनंतर पश्चिमेचे ऊन गॅलरीतून थेट आत येई. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे मी काय सांगावे. वरचा स्लॅब दिवसभर तापे आणि रात्री दोन वाजेपर्यंत ती धग खाली टाकत राही. कूलर चालू असला की आईला आवाजाने झोप येत नसे आणि बंद केला की आम्हाला.

चौथ्या दिवशी, विरंगुळा म्हणून, मी तिला जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात घेऊन गेलो. बहिणाबाई चौधरींचे ते घर आता स्मारक म्हणून जपले आहे. बहिणाबाई १८८० साली जवळच्या आसोद्यात जन्मल्या, सासरी या वाड्यात आल्या, ऐन तिशीत विधवा झाल्या आणि शेत, घर, मुले सांभाळत १९५१ पर्यंत इथेच जगल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईंची गाणी त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेवांनी आणि एका मावसभावाने लिहून ठेवली होती. ती १९५२ साली आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन पुस्तकरूपाने निघाली. सुगरणीच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत म्हटले असेल. एवढ्याशा चोचीने एवढे घर बांधणाऱ्या पाखराचे कौतुक करायला त्याच तोडीचे घर सांभाळणारी बाई लागते, असे मला ते गाणे वाचताना नेहमी वाटते.

आई त्या वाड्यात सावकाश फिरली. बहिणाबाईंच्या घरच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. आई प्रत्येक वस्तूपुढे थांबत होती आणि ओळखीच्या माणसाचे नाव घ्यावे तसे तिचे नाव घेत होती. बाहेर येताना म्हणाली, “हाई समदं मन्हा घरमा शे.”

मी काही बोललो नाही. कारण ते घर पाडायचे, असे धाकट्या भावाने ठरवले होते आणि मी त्याला होकार देऊन बसलो होतो. आईला ते माहीत होते. तिने मला तसे सांगितले नव्हते, एवढेच.

आठव्या दिवशी ती म्हणाली, गावी सोड. भांडण नाही, रुसवा नाही. मी तिला बसस्थानकावर घेऊन गेलो. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळे सुमारे ९५ किलोमीटर. या रस्त्याने मी आयुष्यात किती वेळा गेलो असेन त्याला गणती नाही. त्या दिवशी वाटेत आमचे बोलणे झाले ते फक्त पारोळ्याला, चहा घेऊ का नको, एवढे.

धुळ्याला दुसरी गाडी यायला अवकाश होता, म्हणून आईला घेऊन गावातल्या एका नातेवाइकांकडे थोडे टेकलो. धुळे शहराची एक गंमत नवख्या माणसाला सांगावी लागते. इथे जुन्या गावठाणातल्या गल्ल्यांना नावांऐवजी आकडे आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि सरळ, रुंद रस्त्यांची नवी पेठ वसवली. पुढे १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्वेचे ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. आमचे हे नातेवाईक अशाच एका आकड्याच्या गल्लीत राहतात. त्यांचे घर आमच्या फ्लॅटहून लहान. पण दार उघडल्याबरोबर घर कोणाचे आहे ते कळते. ते शिंपीकाम करत. शिलाई यंत्र अजून पुढच्या खोलीत, खिडकीशी. भिंतीला लाकडी पट्टी आणि तिला ओळीने खुंट्या, खुंट्यांना टेप, कात्री, पंचांग, चष्म्याचे घर. जमिनीवर चटई आणि भिंतीशी लोड. आई तिथे जाऊन बसली, पाय लांब केले, पाठ टेकली आणि चंची सोडून शेजारच्या कोनाड्यात ठेवली. कोणी सांगितले नव्हते. मी समोर खुर्चीवर बसून ते पाहत होतो.

शेतकऱ्याला सल्ला देताना आम्ही पहिले वाक्य शिकलो होतो ते हे की बियाणे निवडण्याआधी जमीन पाहा. तीस वर्षे हे दुसऱ्यांना सांगितले. स्वतःच्या घरी मात्र कोण राहणार, कोण कुठे बसणार हे न पाहता चित्रातले बियाणे आणून टाकले होते.

आता गावच्या घराविषयी. ते धाब्याचे घर होते. ज्यांनी खानदेशातली जुनी खेडी पाहिली नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, सागवानी खांब आणि तुळया, तुळयांवर फळ्या आणि काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यांवर हात-दीड हात मातीचा थर. वर सपाट गच्ची. उन्हाळ्यात रात्री आम्ही सगळी भावंडे तिथे झोपत असू. हा जाड थर दिवसाचे ऊन आत पोहोचू देत नाही. पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. चार-पाच इंचांच्या स्लॅबला हे जमत नाही.

पाऊस आत येऊ नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर खारी टाकतात. खारी म्हणजे नदीनाल्याच्या काठची पांढुरकी, खारवट माती. लहानपणी मला हे कोडे वाटे की एक माती पाणी पिते आणि दुसरी अडवते, ते कसे. कॉलेजात त्याचे उत्तर मिळाले. अशा मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे चिकणमातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात, पाणी पडले की फुगतात आणि मधली भोके बुजवून टाकतात. पाणी खाली उतरत नाही, वरून वाहून जाते. शेतात अशी जमीन निघाली की आम्ही जिप्सम टाका, चर काढा, ताग गाडा म्हणून सांगतो. शेताला जो रोग, तेच छपराला औषध. आमच्या आजोबांना सोडियम माहीत नव्हता, पण खारी कोणत्या नाल्यावरची आणायची हे बिनचूक माहीत होते.

पण आता खारी टाकायला माणूस मिळत नाही. गेली पाच-सहा वर्षे घर गळत होते. दोन तुळयांना वाळवी लागली होती. धाकटा भाऊ तिथे राहतो, त्याची मुले तिथे झोपतात. मी जळगावात बसून जुन्या घराचे गोडवे गायचे आणि त्याने रात्री उठून गळक्याखाली पातेली ठेवायची, हे बरोबर नव्हते. त्याने पक्के घर बांधायचे ठरवले ते योग्यच होते.

मला खटकले ते दुसरेच. जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला होता. पुढचे नक्षीचे दार, चौकट, चार खांब, पितळी फुल्यांची संदूक, असा सगळ्याचा एकत्र भाव करून गेला होता. अशी दारे शहरात जातात आणि त्यांवर काच टाकून जेवणाची टेबले करतात, ही माहिती माझ्या मुलीने पुरवली.

“आण्णा, तुमच्या फ्लॅटात दार मावणार आहे का?” भाऊ म्हणाला. “मला स्लॅबला पैसे पाहिजेत.”

दोघेही खरे बोलत होतो आणि म्हणूनच आवाज चढले. आई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. ती शेवटी एवढेच म्हणाली की कानबाई कुठे बसेल ते आधी ठरवा, मग दार विका.

वाचक बंधु-भगिनींना कानबाई सांगायला नको, निदान तापीच्या खोऱ्यातल्यांना. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती चौरंगावर बसते, रात्रभर जागरण होते आणि सोमवारी तिला नदीवर वाटे लावतात. सुरत, पुणे, नाशिक, कुठेही असलेला खानदेशी माणूस त्या दिवशी घरी येतो. तिच्यासाठी घर झाडून, सारवून, रंगवून काढायचे असते. आमच्या घरी ती कायम पुढच्या दाराच्या डाव्या हाताला बसत आली. श्रावण दोन महिन्यांवर होता आणि पावसाआधी घर पाडले तर नवे घर तोपर्यंत उभे राहणार नव्हते, हे उघड होते.

“मी जळगावला नेतो,” मी बोलून गेलो. आईने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

शेवटी तोडगा निघाला तो असा. दार आणि चौकट विकायची नाही, ती भावाच्या नव्या घराला लागेल. खांब विकायचे. संदूक, खुंट्यांची पट्टी आणि देवळीची लाकडी महिरप मी न्यायची. व्यापाऱ्याने त्या वस्तूंचा जो भाव सांगितला होता, तेवढी रक्कम मी भावाच्या हातात ठेवली. त्याने आधी नाही म्हटले, मग घेतली. आईचे जाते कोणी मागितले नाही. ते नव्या घराच्या परसात राहील, असे ठरले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी धाब्यावर चढलो आणि एक बाटली खारी भरून घेतली. त्याचे कारण पुढे येईल.

जळगावला आल्यावर सौभाग्यवतीला सोफा काढण्याविषयी सांगितले, तेव्हा घरातला खरा प्रश्न समोर आला. ती म्हणाली, “तीस वर्षे मी पाहुणे लोखंडी खाटेवर बसवले. आता कुठे सोफा आला तर तुम्हाला तो नको झाला.” हे मला अगदीच लागले. घरात ज्या वस्तू दिसतात त्यांत प्रत्येकाचे मन वेगळ्या ठिकाणी गुंतलेले असते आणि मी फक्त आईचा विचार करून मोकळा झालो होतो. दोन दिवस तो विषय बंद राहिला. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितले की तीन माणसांचा मोठा सोफा जाऊ द्या, दोन खुर्च्या राहू द्या. मोठा सोफा शेजारच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने घेतला, निम्म्या किमतीत.

याच सुमारास मृग बागेच्या लागवडीच्या एका सभेसाठी फैजपूरला जाणे झाले. केळीच्या गोष्टी आटोपल्यावर चहाच्या वेळी तिथल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचा विषय निघाला. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली ते इथे भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. त्यासाठी टिळकनगर उभारले, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. ते सजवले कोणी, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गांधीजींनी त्यासाठी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले होते आणि अट घातली होती की खेड्यात मिळतील त्याच वस्तू वापरायच्या आणि खेड्यातल्याच कारागिरांचे हात लावायचे. बांबू, चटया, गवत, टोपल्या, बस्स. याच बोसांनी पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी गावकऱ्यांची, कामकऱ्यांची चित्रे रंगवली, जी आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मानाने जपलेली आहेत. हरिपुराही आपल्याच तापीकाठी, खाली गुजरातेत. म्हणजे देशातला एवढा मोठा चित्रकार आपल्या जिल्ह्यात येऊन आपल्याच बुरुडाच्या कामाला हात लावून गेला आणि आम्ही प्लास्टिकची फुले विकत आणत होतो.

परतताना फैजपूरच्या बाजारातून बांबूच्या दोन चिका घेतल्या. त्या गॅलरीला बाहेरच्या बाजूने लावल्या. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा लावून फारसा उपयोग होत नाही, ते बाहेरच अडवावे लागते. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावल्या. मग इमारतीतल्या सर्व बिऱ्हाडांची संमती घेऊन गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. चुना पावडर होऊन उडू नये म्हणून त्यात थोडे फेव्हिकॉल मिसळले. पांढऱ्या पृष्ठभागावरून ऊन परत फिरते, हे तत्त्व. खर्च वाटून घेतल्यावर प्रत्येकी अगदी किरकोळ पडला. पावसाने बराच धुऊन जातो, म्हणून दरवर्षी फाल्गुनात पुन्हा द्यावा लागतो. खारी टाकण्याचेच हे शहरातले रूप, असे मी शेजाऱ्यांना सांगितले. त्यांना ते फारसे कळले नाही.

मरून भिंत पांढरी केली. खालची हातभर पट्टी गेरूच्या रंगाची ठेवली. सोफा गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या भिंतीशी सुताराकडून एक वीतभर उंचीचा लाकडी ओटा करून घेतला, सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. त्यावर गादी, भिंतीशी लोड, खाली अंथरुणे ठेवायला कप्पे. आई त्यावर बसली की तिचे पाय जमिनीला लागतात, रात्री पाहुणा झोपतो. त्याच्या शेजारी देवळीची महिरप लावायची होती. मी भिंत कोरून कोनाडा करायला निघालो होतो. सुताराने हात धरला म्हणून बरे झाले. अशा इमारतीत आतल्या भिंती जेमतेम चार-पाच इंचांच्या असतात आणि कुठे खांब, कुठे विजेची नळी, सांगता येत नाही. त्याने महिरपीच्या मागे सहा इंच खोल लाकडी पेटी जोडली आणि भिंतीला स्क्रूने बसवली. उंची मात्र मी सांगितली. बसल्या माणसाचा हात सहज पोहोचेल एवढी, जमिनीपासून सव्वादोन फूट. आमच्या जुन्या घरात चुलीजवळचे कोनाडे तेवढ्याच उंचीवर होते आणि दिव्याचे वर. ते तसे का होते, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता.

संदुकीत गोधड्या आणि हिवाळी कपडे गेले. टीपॉयची गरज उरली नाही. खुंट्यांची पट्टी दाराजवळ लागली.

मुलगी पुन्हा आली तेव्हा तिने पलंगाखालून माझी दोन पोती ओढून काढली. या पोत्यांवरून आमच्या घरी वर्षानुवर्षे वाद आहे. नोकरीत जिथे जिथे काम केले तिथल्या मातीचा नमुना मी काचेच्या बाटलीत भरून ठेवत आलो. तापीकाठची काळीभोर कसदार, सातपुड्याच्या पायथ्याची तांबूस, साक्रीकडची मुरमाड, पांझरेचा गाळ. प्रत्येक बाटलीवर गाव आणि साल. एकूण २७ बाटल्या. दर बदलीला सौभाग्यवती म्हणे, ही माती इथेच टाका. मुलीने त्या पुसल्या, सुताराच्या उरलेल्या फळीची एक लांब मांडणी करून घेतली आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ओळीने लावून ठेवल्या. शेवटी, सर्वांत फिकी, आमच्या धाब्यावरची खारी. अठ्ठाविसावी. मी म्हटले, हिच्यावर काय लिहायचे? ती म्हणाली, घराचे साल लिहा. पण घर कधी बांधले ते आमच्यात कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. बाटलीवर अजून चिठ्ठी नाही.

येणारा-जाणारा आता टीव्हीकडे न पाहता त्या बाटल्यांकडे पाहतो. शेतकरी आला तर आपल्या गावची शोधतो. सौभाग्यवती आता त्या पुसते आणि पोत्यांचा विषय काढत नाही.

गॅलरीची मात्र फजिती सांगितलीच पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील साहेबांचे सगळे सरळ झाले. आधी उत्साहाने मी गॅलरीच्या कठड्यालगत विटा लावून मातीचा वाफाच करणार होतो. मग हिशेब केला. वीतभर उंचीची ओली माती एका चौरस मीटरला पाव टनाहून जास्त भरते. गॅलरी त्यासाठी बांधलेली नसते. म्हणून कुंड्या, त्यांत निम्मे कोकोपीट आणि गांडूळखत. तुळस, गवती चहा, कढीपत्ता, कोरफड आणि एक गुलाब. तीन दिवस कामासाठी बाहेर गेलो तर गुलाब वाळून कोळ झाला. ठिबक लावा म्हणून गावोगाव सांगणाऱ्या माणसाच्या घरचा गुलाब पाण्यावाचून गेला, ही बातमी कचेरीत पोहोचायला वेळ लागला नाही. मग २० लिटरचा कॅन स्टुलावर ठेवून बारीक नळी आणि ड्रिपर जोडले. ज्यांची मुले शहरात राहतात त्यांनी एवढे जरूर करून द्यावे. गुलाबाच्या जागी आता मोगरा आहे.

सगळे मिळून, चुना, रंग, सुतार, चिका, साडेसतरा हजार रुपये लागले. त्यातला बराच भाग सोफा विकून निघाला. खोटे छत अजून तसेच आहे. ते काढायला आणखी पैसे लागतात आणि त्यातले दिवे सौभाग्यवतीला आवडतात.

नागपंचमीच्या आधी मी आईला आणायला गेलो. घर तोपर्यंत पाडलेले होते. खांबांच्या जागी चार दगडी तळखडे तेवढे उरले होते आणि त्यांच्याभोवती पावसाने माती बसत चालली होती. आई भावाच्या तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीत होती. ती कानबाईचा चौरंग आणि पितळी तांब्या फडक्यात बांधून तयारच बसली होती. पारोळ्याला आम्ही या वेळी चहा घेतला.

हॉलमध्ये आल्यावर ती थोडा वेळ उभी राहिली. मग ओट्यावर बसली, पाठ टेकली. हाताने चाचपत तिने देवळी पाहिली आणि चंची त्यात ठेवली. बाटल्यांकडे पाहून म्हणाली, एवढ्या चटण्या कोण खातो? शेवटची बाटली कोणती ते मी सांगितले, तेव्हा तिने ती काढून घ्यायला लावली, झाकण उघडून चिमूटभर माती तळहातावर घेतली आणि पुन्हा आत टाकली.

रविवारी भाऊ, भावजय, मुले, दोन बहिणी आणि त्यांचे संसार, अशी एकोणीस माणसे त्या ५२० चौरस फुटांत होती. रोटासाठी गहू घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून घेतात. ते काम आईने केले आणि मुठी मोजताना भावाचे नाव माझ्या आधी घेतले. कानबाई दाराच्या डाव्या हाताला बसवायची तर तिथे संदूक आड येत होती. मुलीने ती मोजून-मापून, खुंट्यांच्या बरोबर खाली, शोभेल अशी ठेवली होती. आईने दोन्ही नातवांना हाक मारली आणि संदूक दोन हात पलीकडे, खिडकीखाली सरकवायला लावली. चौरंग त्या जागी मांडला. जागरणाची गाणी सुरू झाली तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. आवाजाची तक्रार असेल म्हणून मी पुढे झालो, तर ते मूळचे शिरपूरचे निघाले. रोट घरच्यांशिवाय कोणाला देत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी सौभाग्यवतीने वेगळ्या पुऱ्या तळल्या.

सोमवारी कानबाईला वाटे लावून आलो. भाऊ संध्याकाळच्या गाडीने गेला. आई म्हणाली, मी पोळ्यापर्यंत राहते, मग बघू. संदूक अजून खिडकीखालीच आहे. मुलीने एकदा फोनवर तिचा फोटो मागवला, पाहिला आणि काही म्हणाली नाही.